विलायतेतल्या टेबलावर आपला किल्ला

दिवाळीत किल्ला करायचा तर आधी माती हवी आणि इंग्लंडात अडतं ते नेमकं तिथेच. ऑक्टोबर संपता संपता पाऊस, गारठा, चार-साडेचारला मावळणारा दिवस. कुणाला अंगण नाही, कुणाच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. तरीही आपल्या मंडळातल्या घरांतून दर दिवाळीला किल्ले उभे राहतात. ते करणाऱ्या हातांचं मनापासून कौतुक करावं, म्हणून हा लेख.

शनिशिंगणापूरच्या शिवारात आम्हाला मातीचा तोटा नव्हता, पण ती काळी. काळ्या मातीचा किल्ला दोन दिवस झोकात दिसतो, वाळला की बुरुजापासून माचीपर्यंत भेगाळतो. म्हणून थोरली पोरं तीत मुरूम आणि शेण कालवायची, विटांच्या तुकड्यांवर गोणपाट अंथरून त्यावर हा राडा थापायची. आमच्या गावात घरांना दारं नसतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. किल्ल्याला मात्र दार लागायचंच! पुठ्ठ्याचा महादरवाजा, त्याला उदबत्तीच्या काडीचा अडसर, आणि तिन्हीसांजेला तो कुणी लावायचा यावरून भांडणं. घराचं दार लावण्याची सवयच नसलेली ती पोरं गडाचा दरवाजा मात्र चोख राखत.

इकडे आल्यावर ही कला निराळ्या वाटेने परत भेटली. टेबलावर लढाया मांडून खेळण्याचा छंद इंग्लंडात जुना आहे. एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईला नियम घालून दिले. आज या छंदात 28 मिलिमीटरचे सैनिक रंगवतात आणि त्यांच्यासाठी टेकड्या, तट, पडकी घरं, ओढे हाताने घडवतात. कित्येकांना तर खेळापेक्षा या घडवण्याचीच गोडी जास्त. आपल्यातली काही तरुण मंडळी कामावरच्या मित्रांबरोबर अशा क्लबांत जाऊ लागली आणि तिथली हातोटी आपल्या किल्ल्यात उतरली.

ती हातोटी जवळून पाहण्यासारखी आहे. थंडी अडवायला घरांच्या भिंतींत घालतात तो दाट फोम घ्यायचा. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला डोंगर, त्यामुळे फोमच्या पाट्या आडव्या एकावर एक चिकटवल्या की त्याची ठेवण आपसूक साधते. कडा सुरीने गुळगुळीत कापायचा नाही. थोडं कापून उरलेलं हाताने मोडायचं, म्हणजे कातळ तुटलेला दिसतो. चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा त्यावर दाबत फिरवला की दगडाचा खरबरीतपणा उमटतो. मग काळ्या रंगात पांढरा गोंद कालवून पहिला हात द्यायचा. हा हात गाळून थेट स्प्रे मारला तर फोम विरघळतो, हे इथल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही माहीत असतं. काळा रंग वाळला की ब्रश करड्या रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि कड्यावरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, फटी काळ्याच राहतात, आणि बघता बघता फोमचा बेसॉल्ट होतो.

मापाचा प्रश्न मात्र अवघड. 28 मिलिमीटरचा मावळा धरला तर शंभर मीटरचा कडा जवळजवळ पावणेदोन मीटर उंच करावा लागेल. म्हणून डोंगर आखडता घेतात आणि दरवाजा, तट, पायऱ्या तेवढ्या मापात ठेवतात. आपल्या मातीच्या किल्ल्यात महाराज सिंहासनावर बसले तरी बुरुजापेक्षा उंच असतात. मंडळातल्या जाणत्यांनी दोन्ही राखलं: मावळे मापात, महाराज मोठे. मला हा निर्णय फार योग्य वाटतो.

हल्ली साच्यातून काढलेले तयार किल्ले मिळतात. ते मला मुळीच पटत नाहीत. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. ही गोमुखी रचना स्वतःच्या हाताने वळवून बसवल्याशिवाय पोराला कशी कळणार? जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तमिळनाडूतली जिंजीही त्यात आहे. तेव्हापासून राजगडाच्या तीन माच्या कुणीकडे तोंड करून आहेत, असे प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

माझा जीव अर्थात नगरच्या भुईकोटात. शिंगणापूरहून तो साधारण पस्तीस किलोमीटर. इथल्या छंदिष्टांना 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई पाठ असते, कारण ती आर्थर वेलस्लीची, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनची. त्याच मोहिमेत त्याने 8 ऑगस्टला शिड्या लावून नगरची पेठ घेतली आणि 12 ऑगस्टला किल्ला त्याच्या हाती आला. आपल्या मंडळींनी नगरचा गोल तट आणि खंदक मांडला आणि गोऱ्या पाहुण्यांना त्याआधीची दोन शतकं सांगितली. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तट पाडला, तेव्हा चांदबिबीने रातोरात खिंडार बुजवून घेतलं. त्यासाठी तटाचा एक तुकडा काढता-घालता येईल असा केला होता. पोरं रांग लावून तो पाडत होती आणि पुन्हा बसवत होती.

गवतासाठी इथे दुकानात रंगीत तंतूंच्या पुड्या मिळतात आणि दिसतातही सुरेख. पण आपल्या बायकांनी अळीव सोडला नाही. इथल्या शाळांत मुलं ओल्या कापसावर जो क्रेस रुजवतात, तो आपला अळीवच. फोमच्या पायथ्याशी ओल्या कापसाची पट्टी ठेवून वर बी पेरलं की घरातल्या उबेत वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवा होतो. शेजारची इंग्रज मुलं ते ओळखतात आणि आपल्या पोरांबरोबर पाणी शिंपडायला येतात.

हे किल्ले सुट्या भागांत करतात: बालेकिल्ला वेगळा, माच्या वेगळ्या, तळाला जोडणीच्या खुणा. त्यामुळे ते गाडीच्या डिकीत बसतात आणि दिवाळीनंतर मोडावे लागत नाहीत. यंदा हॉलमध्ये राजगड जोडायचा आहे. ज्यांच्या गॅरेजमध्ये गेल्या वर्षीचे तट, बुरुज पडून असतील त्यांनी ते धुऊन-पुसून आणावेत, आणि येताना मुलांनाही आणावं. संजीवनी माचीचा दुहेरी तट अजून कापायचा राहिला आहे.