'जेसीव्हीडी' ह्या चित्रपटातील प्रथमपुरुष

मारामारीच्या चित्रपटांत भाषेला दुय्यम स्थान असते, हा समज इतका रूढ झाला आहे की, त्या चित्रपटांतील बोलण्याचा स्वतंत्र विचार करावयास सहसा कोणी प्रवृत्त होत नाही. नायकाने हातपाय चालवावेत व बोलण्याचे काम इतरांवर सोपवावे, अशीच जणू ह्या प्रकाराची वाटणी ठरून गेलेली असते. माब्रुक एल मेश्री ह्या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'जेसीव्हीडी' (२००८) हा चित्रपट ह्या दृष्टीने लक्षणीय होय. त्यात सत्तेचाळीस वर्षांचा एक थकलेला कराटेपटू नट स्वतःच्याच नावाने वावरतो, आणि चित्रपटाचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हा हाणामारीचा नसून केवळ बोलण्याचा आहे.

प्रथम नावाचा विचार करावयास हवा. ब्रुसेल्स नगरीच्या परिसरात १९६० साली जन्मलेल्या ह्या नटाचे कुलनाम व्हॅन व्हॅरेनबर्ग. पडद्यावर ते व्हॅन डॅम झाले. फ्रेंच मुखात त्याचा उच्चार एक व अमेरिकन मुखात दुसरा. चित्रपटाच्या शीर्षकात तर नावाची केवळ चार आद्याक्षरे उरली आहेत. मराठीत आद्याक्षरांनी ओळखले जाणे हे जिव्हाळ्याचे लक्षण मानले जाते, 'पु. ल.' म्हणताना दुरावा नव्हे, जवळीक सूचित होते. येथे मात्र ती अक्षरे मालावरील छापासारखी आहेत, आणि छाप जुना झाला की मालाचे काय होते, हाच चित्रपटाचा विषय आहे.

व्हॅन डॅमची कीर्ती 'ब्लडस्पोर्ट' (१९८८) ह्या अल्प खर्चात काढलेल्या चित्रपटापासून सुरू झाली. पुढील काही वर्षांतील त्याच्या भूमिका पाहिल्या असता एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. त्याच्या इंग्रजीतील फ्रेंच हेल लपण्यासारखा नव्हता. म्हणून कथालेखकांना प्रत्येक वेळी त्याचे कारण शोधावे लागे. 'लायनहार्ट'मध्ये (१९९०) तो फ्रेंच परदेशी पलटणीतून पळालेला सैनिक आहे. 'डबल इम्पॅक्ट'मध्ये (१९९१) तो जुळ्या भावांच्या दुहेरी भूमिकेत आहे, आणि एका भावाचे बालपण फ्रान्समध्ये गेले आहे. 'युनिव्हर्सल सोल्जर' (१९९२) व 'हार्ड टार्गेट' (१९९३) ह्या दोहोंत त्याला लुइझियाना प्रांतातील फ्रेंच वंशाचा ठरविले आहे, तर 'सडन डेथ'मध्ये (१९९५) तो कॅनडातून आलेला आहे. 'स्ट्रीट फायटर'मध्ये (१९९४) मात्र लेखकांनी हात टेकलेले दिसतात: दंडावर अमेरिकेचा ध्वज गोंदविला की उच्चाराचा प्रश्न मिटला, असे त्यांना वाटले असावे. ह्या नटाचे शरीर कोणत्याही कथेत बसत होते. त्याची वाणी मात्र प्रत्येक कथेत परकीच राहिली.

पुढे त्याची मायबोलीही त्याची राहिली नाही. अमेरिकेत दीर्घकाळ राहिल्यानंतर त्याच्या फ्रेंचमध्ये इंग्रजी शब्दांची सरमिसळ होऊ लागली. दूरचित्रवाणीवरील मुलाखतींतील त्याची तत्त्वज्ञानवजा वाक्ये, आणि विशेषतः 'अवेअर' हा त्याच्या तोंडचा इंग्रजी शब्द, हे फ्रेंच भाषक जगात चेष्टेचे विषय झाले. द्वैभाषिकाच्या बोलण्यात एका भाषेतून दुसरीत संक्रमण होणे हा भाषाविज्ञानाच्या दृष्टीने स्वाभाविक व्यापार होय. समाज मात्र त्याकडे बुद्धिमांद्याचे लक्षण म्हणून पाहतो. विद्वानाच्या तोंडी जी बहुभाषिकता ठरते, ती कराटेपटूच्या तोंडी धेडगुजरी ठरते. ही वागणूक केवळ ब्रुसेल्स-पॅरिसपुरती मर्यादित आहे असे मानण्याचे कारण नाही.

एल मेश्रीने ही सर्व पार्श्वभूमी प्रेक्षकाला ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे. चित्रपटाचा आरंभ एका अखंड, लांबलचक दृश्याने होतो. नायक गोळ्या झाडीत, ठोसे हाणीत, आगीतून वाट काढीत पुढे जातो. शेवटी सजावटीतील दोषामुळे सगळी मेहनत फुकट जाते. धापा टाकणारा नट आपल्या वयाचा दाखला देऊन सांगतो की, हे सारे एका दमात करणे आता जड जाते. त्याचे हे गाऱ्हाणे दुभाष्या स्त्रीमार्फत तरुण आशियाई दिग्दर्शकापर्यंत पोहोचते, आणि तितक्याच तुच्छतेने परतवले जाते. हलक्या खर्चाच्या चित्रपटनिर्मितीचे ह्याहून नेमके चित्रण क्वचितच आढळेल. ह्या विनोदाला इतिहासाचा आधारही आहे: हाँगकाँगच्या जॉन वूचा पहिला अमेरिकन चित्रपट म्हणजे व्हॅन डॅमचाच 'हार्ड टार्गेट', आणि वू पुढे गेला तरी व्हॅन डॅम मात्र चित्रपटगृहांत न लागता थेट घरगुती तबकड्यांवर विकल्या जाणाऱ्या चित्रपटांत अडकून पडला.

कथानक थोडक्यात असे. मुलीच्या ताब्याचा दावा हरलेला नट जन्मगावी परततो, पैशासाठी टपाल कचेरीत शिरतो आणि तेथे चाललेल्या दरोड्यात ओलीस म्हणून सापडतो. बाहेर पोलिसांचा समज होतो की, दरोडेखोर तोच. एकच घटना आधी बाहेरून व मग आतून दाखविण्याची युक्ती चांगली असली तरी मधला भाग रेंगाळतो. दरोडेखोर ठराविक साच्याचे आहेत, पोलिसांचे प्रसंगही सामान्यच. न्यायालयातील दृश्य मात्र मार्मिक आहे: त्याने पडद्यावर माणसे कोणकोणत्या रीतीने मारली, ह्याची जंत्री तेथे वडील म्हणून त्याच्या नालायकीचा पुरावा ठरते.

ह्यानंतर तो प्रसंग येतो. ओलीस बसलेल्या नटाची खुर्ची अकस्मात वर उचलली जाते. सजावटीच्या भिंतींपलीकडील दिवे दिसू लागतात, आणि तो थेट कॅमेऱ्याकडे पाहून सुमारे सहा मिनिटे बोलतो. आपल्या नाट्यशास्त्राची परिभाषा येथे अपुरी पडते. हे स्वगत नव्हे, कारण समोर श्रोता गृहीत आहे. जनान्तिकही नव्हे, कारण कोणापासून काही लपवायचे नाही. एमिल बाँव्हनिस्त ह्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की, 'मी' ह्या सर्वनामाला उच्चारणाच्या क्षणाबाहेर निश्चित वाच्यार्थ नसतो. जो बोलतो तो 'मी'. मग येथील 'मी' कोण? कथेतला ओलीस, पडद्यावरचा तारा, की व्हॅन व्हॅरेनबर्ग कुळातला मुलगा? चित्रपट उत्तर देत नाही, आणि ते योग्यच आहे.

कृश बालपण, कराटेच्या आखाड्यात शिकलेला आदर, अमेरिकेतील उमेदवारी, अमली पदार्थांची चटक, स्त्रिया आणि हाती काहीच न लागल्याची जाणीव, असा ह्या भाषणाचा आशय आहे. तो असामान्य नाही. असामान्य आहे ती वाक्यरचना. वाक्ये मध्येच तुटतात, कर्ता एका वाक्यात व क्रियापद दुसऱ्याच वाक्यात राहते, फ्रेंचच्या ओघात इंग्रजी शब्द शिरतात, आखाड्यातील जपानी अभिवादन येते. ज्या बोलीची टर उडविली गेली, तीच बोली येथे पदरी पडलेले एकमेव साधन म्हणून वापरली जाते आणि प्रेक्षक हसत नाही. भाषण बऱ्याच अंशी उत्स्फूर्त होते असे सांगितले जाते. तसे नसले तरी ह्या निर्णयात फरक पडत नाही, कारण अशी विस्कळीतता लिहून काढणे कुशल लेखकालाही साधले नसते.

तथापि एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. कबुलीजबाबात ज्यांच्या बाबतीत अपराध घडले, त्यांना स्थान नाही. द्वितीयपुरुष प्रेक्षकासाठी राखून ठेवलेला आहे. पत्नी व मुलगी तृतीयपुरुषाच्या पलीकडेच राहतात. क्षमा मागावयाची ती चुकीच्या माणसाकडे, ही ताऱ्याची जुनी सवय एल मेश्रीने सहानुभूतीपोटी तशीच राहू दिली आहे. ह्याची अल्पशी भरपाई शेवटी होते. नायक उंच लाथेने दरोडेखोराला लोळवतो व जमाव जयघोष करतो, हे दृश्य केवळ त्याच्या मनातले ठरते. प्रत्यक्षात पोलीस त्यालाच धरतात आणि शिक्षा होऊन तो तुरुंगात कैद्यांना कराटे शिकवितो.

ह्या चित्रपटाने व्हॅन डॅमला बोलक्या भूमिका मिळतील ही अपेक्षा फारशी फळली नाही. २०१२ साली 'दि एक्स्पेंडेबल्स २' ह्या भारी खर्चाच्या चित्रपटात तो आला, तो खलनायक म्हणून; पात्राचे नावच 'व्हिलँ', म्हणजे फ्रेंचमध्ये दुष्ट वा ओंगळ. परका हेल आता समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. त्याच वर्षीच्या 'युनिव्हर्सल सोल्जर : डे ऑफ रेकनिंग'मध्ये तो मुंडण केलेल्या डोक्याने व रंगविलेल्या चेहऱ्याने येतो, आणि फार थोडे बोलतो.