‘जोंग’ : वाइ लिपीतील एका चिन्हाचे वाचन

युनिकोडच्या तक्त्यात ए६१एफ या क्रमांकावर वाइ लिपीतले एक चिन्ह आहे. नाव ‘जोंग’. शेजारी अर्थ दिला आहे : गुलाम.

लायबेरिया-सिएरा लिओनच्या किनारपट्टीतल्या वाइ भाषेसाठी मोमोलू दुवालू बुकेले याने १८३३च्या सुमारास ही लिपी घडवली. ती आपल्याला स्वप्नात दिसली, असे त्याने कोएले या जर्मन मिशनऱ्याला सांगितले होते. त्या किनाऱ्यावर तेव्हा गुलामांचा व्यापार चालू होता. हा शब्द रोजच्या लिहिण्यातलाच असणार.

वाइमध्ये एका उच्चाराला एक अक्षर. आपला ‘की’ युनिकोडमध्ये ‘क’ आणि वेलांटी असा दोन संकेतांनी साठवला जातो. वाइचा ‘की’ एकाच. म्हणजे ‘जोंग’ हा शब्द ‘जो’ आणि अनुनासिक अशा दोन अक्षरांत सहज लिहिता येतो. तरीही जुन्या लेखनात अख्ख्या शब्दासाठी एकच चिन्ह आढळते. ‘मरणे’, ‘ऐकणे’, ‘गाय’ यांनाही अशी चिन्हे होती. १९६२ साली लायबेरिया विद्यापीठात प्रमाण अक्षरतक्ता ठरला, आणि पुढे २००८मध्ये युनिकोड ५.१ने वाइचे तीनशे संकेत स्वीकारले. त्यात ही जुनी शब्दचिन्हेही घेतली. माझ्या मते हा त्या कामातला सर्वांत शहाणा निर्णय. प्रमाण अक्षरांपुरतेच थांबले असते, तर हस्तलिखित उतरवणाऱ्याला एका चिन्हाची दोन अक्षरे करावी लागली असती, आणि लिहिणाऱ्याने काय लिहिले होते ते कायमचे झाकले गेले असते. मोडी कागद बाळबोधीत आणताना आपण ऱ्हस्व-दीर्घ ‘सुधारून’ घेतो, त्यातले नुकसान ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. तक्त्यातला इंग्रजी अर्थ वाचकाला फार लवकर समाधान देतो. ‘गुलाम’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अटलांटिकपारचा मळा उभा राहतो. वाइ घरातले दास्य, त्याची नाती आणि दर्जा, हे त्या एका शब्दात मावत नाही. तक्ता चिन्ह दाखवतो, वाक्य दाखवत नाही.

शिवाय संगणकाच्या लेखी या चिन्हाचा ‘जो’ आणि अनुनासिकाच्या जोडीशी काहीच संबंध नाही; तसे समीकरण युनिकोडने दिलेले नाही. अक्षरांनी शोध घेणाऱ्या अभ्यासकाला जुन्या मजकुरातले नेमके हेच गुलाम सापडणार नाहीत. त्याने दोन्ही रूपे वेगवेगळी शोधायला हवीत.