थेट सरपंच, अर्धवट अमेरिका

जाम चौरस्त्यावर चहा पिताना तुम्हीही ऐकलं असेल: "सरपंच आता थेट जनतेतून, म्हणजे अमेरिकेसारखंच!" मला हे पटत नाही. तिथला अध्यक्ष (तोही इलेक्टोरल कॉलेजमार्फत निवडला जातो, ते असो) काँग्रेसचा सदस्य नसतो. तो विधेयक नाकारतो, काँग्रेस दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडू शकते. तिजोरीही तिच्याच हाती. आपल्याकडे थेट निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. पण सरपंच बसतो पंचायतीतच, आणि ठराव होतो बहुमताने. सदस्य विरोधी गटाचे निघाले तर? नको असलेला ठराव त्याला रोखता येत नाही. नको असलेला सरपंच काढायला सदस्यांना तीन-चतुर्थांश मतं अन् वर ग्रामसभेचा कौल लागतो. तोवर नालीचं काम तसंच पडून.