अपक्ष आमदाराचे मतदान : स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व
(उरण-पनवेल परिसराच्या विशेष संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

अपक्ष लोकप्रतिनिधीची खरी परीक्षा प्रचारसभेत होत नाही, ती सभागृहात मत देण्याच्या क्षणी होते. पक्षाच्या आमदाराने कसे मत द्यावे हे बहुतेक वेळा पक्षादेश ठरवितो. अपक्षावर असा आदेश बजावणारा कोणी नसतो. त्यामुळे त्याचे प्रत्येक मत हा त्याचा स्वतःचा निर्णय असतो आणि त्या निर्णयाची जबाबदारीही त्याच्या एकट्याची असते. महाराष्ट्राच्या विधानसभेतील अपक्षांच्या बाबतीत ही जबाबदारी मतदाराला कितपत तपासता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील उरण मतदारसंघाचे २०१९ ते २०२४ या काळातील उदाहरण विचारात घेतले आहे. पनवेल तालुक्याचा काही भाग याच मतदारसंघात येतो.

अपक्षांची परंपरा

महाराष्ट्रात अपक्षांचे संख्याबळ सतत बदलत राहिले आहे. १९९५ मध्ये ४५ अपक्ष विधानसभेत निवडून आले. शिवसेनेचे ७३ आणि भारतीय जनता पक्षाचे ६५ असे मिळून १३८ सदस्य होते. २८८ सदस्यांच्या सभागृहात बहुमतासाठी १४५ चा आकडा आवश्यक असल्याने अपक्षांच्या पाठिंब्याशिवाय युतीचे सरकार स्थापन होणे शक्य नव्हते. त्यांतील काहींना मंत्रिपदेही मिळाली. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील अपक्ष म्हणून निवडून येऊन युतीच्या मंत्रिमंडळात गेले आणि १९९९ नंतर आघाडीच्या मंत्रिमंडळातही त्यांना स्थान मिळाले. पुढे अपक्षांची संख्या २००९ मध्ये २४, २०१४ मध्ये ७, २०१९ मध्ये १३ आणि २०२४ मध्ये केवळ २ अशी राहिली.

या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. यांतील अनेक अपक्ष हे तिकीट नाकारल्या गेलेल्या पक्ष-कार्यकर्त्यांपैकी, म्हणजे बंडखोरांपैकी होते. पक्षाच्या विचाराशी त्यांचे भांडण नव्हते. उमेदवारीच्या वाटपाशी होते. त्यांच्या मतदानाचा विचार करताना हा भेद निर्णायक ठरतो.

उरणचे उदाहरण

उरण-पनवेल हा पट्टा दीर्घकाळ शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला म्हणून ओळखला गेला. दि. बा. पाटील यांनी पनवेलचे प्रतिनिधित्व याच पक्षातर्फे केले. १९८४ च्या सिडकोविरोधी भूमिपुत्र आंदोलनातही त्यांची बाजू कोणती, याविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता. येथील मतदाराला प्रतिनिधीची भूमिका पक्षाच्या झेंड्यावरून ओळखण्याची सवय होती. २०१९ मध्ये मात्र उरणमध्ये तिरंगी लढत झाली. युतीच्या जागावाटपात उरणची जागा शिवसेनेकडे, म्हणजे तत्कालीन आमदार मनोहर भोईर यांच्याकडे राहिली. भाजपचे महेश बालदी यांनी अपक्ष उमेदवारी केली आणि भोईर व शेकापचे विवेक पाटील या दोघांचा पराभव करून ते निवडून आले. निकालानंतर त्यांनी भाजपला पाठिंबा जाहीर केला. २०२४ मध्ये ते भाजपचे अधिकृत उमेदवार म्हणून पुन्हा विजयी झाले.

यात बेकायदेशीर असे काही नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार अपक्ष सदस्याने निवडणुकीनंतर एखाद्या पक्षात प्रवेश केल्यास तो अपात्र ठरतो. जगजित सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीची चर्चा केली. मतदारांनी ज्या स्वतंत्र स्वरूपात सदस्याला निवडून दिले ते स्वरूप त्याने सोडले काय, हा प्रश्न न्यायालयाने महत्त्वाचा मानला. सरकारला बाहेरून पाठिंबा व्यक्त केल्याने तेवढ्यावरून पक्षप्रवेश झाला असे मानता येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे पक्षप्रवेश आणि पाठिंबा यांच्यामध्ये कायद्याने एक मोकळी जागा ठेवली आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य अपक्ष याच जागेत वावरतात. तेथे ते स्वतंत्रपणे वागतात की नाही, हे केवळ त्यांच्या मतांवरूनच कळू शकते.

मतनोंदीची मर्यादा

अडचण येथेच आहे. संविधानाच्या अनुच्छेद १८९ नुसार सभागृहातील निर्णय उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात. प्रत्यक्षात बहुतेक विधेयके, मागण्या व ठराव आवाजी मतदानाने संमत होतात. 'होय'चे बहुमत असल्याचे पीठासीन अधिकारी जाहीर करतात. कोणी मतविभागणी मागितली नाही, तर कोणत्या सदस्याने काय मत दिले याची नोंद निर्माणच होत नाही. पनवेल-उरणच्या जिव्हाळ्याचा विषय घेतला तरी हेच दिसते. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव देण्याचा ठराव ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला. सर्व प्रमुख पक्ष अनुकूल असताना मतविभागणी मागण्याचे कोणाला कारण नव्हते. ज्या प्रश्नावर पूर्वी हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, त्या प्रश्नावर एकेका आमदाराच्या मताचा हिशेब मागण्याची वेळच आली नाही.

सदस्यांची मोजणी झाली असे प्रसंग मोजकेच आहेत. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे मंत्रिमंडळावरील विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी बाजूने १६९, तटस्थ ४ आणि विरोधात शून्य अशी शिरगणती झाली. भाजपने सभात्याग केला होता. परिणामी भाजपला पाठिंबा देणाऱ्या कोणत्याही अपक्षाचे मत त्या दिवशी 'विरोधात' या रकान्यात आले नाही. सभात्याग हे पक्षाचे डावपेच असतात. अपक्षाला ते बंधनकारक नसतात. विरोध असेल तर तो मताने नोंदविण्याची मुभा प्रत्येक अपक्षाला होती. ती मुभा एकानेही वापरली नाही, हे त्या रिकाम्या रकान्यावरून सिद्ध होते.

डिसेंबर २०२१ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक गुप्त मतदानाऐवजी खुल्या पद्धतीने घेण्यासाठी विधानसभेचे नियम बदलण्यात आले. त्यानुसार ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे मंत्रिमंडळाने १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासमत जिंकले. या दोन्ही प्रसंगी मत उघड होते. पण सरकार कोणाचे हाच प्रश्न होता. धोरणाच्या तपशिलावर अपक्ष काय विचार करतो, हे अशा मतातून उमगत नाही.

स्वातंत्र्य जेथे आहे तेथे पडदा

राज्यसभेच्या निवडणुकीत हा विरोधाभास अधिकच तीव्र होतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. अपक्षाने मात्र ती कोणालाही दाखवू नये, असा दंडक आहे; दाखविल्यास मत बाद होऊ शकते. कुलदीप नायर विरुद्ध भारत सरकार या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खुले मतदान वैध ठरविले. पक्षबाह्य मतदानाला व त्यामागील आर्थिक व्यवहारांना आळा बसावा, हा त्या दुरुस्तीचा हेतू होता. ज्याच्यावर पक्षाचा अंकुश आहे त्याचे मत उघड आणि ज्याच्यावर कोणाचाच अंकुश नाही त्याचे मत झाकलेले, अशी स्थिती यातून निर्माण झाली.

१० जून २०२२ च्या निवडणुकीत याचा प्रत्यय आला. १३ अपक्ष आणि लहान पक्षांचे १६ असे २९ आमदार सहाव्या जागेचा निकाल ठरविण्याच्या स्थितीत होते. ती जागा भाजपचे धनंजय महाडिक यांनी शिवसेनेचे संजय पवार यांचा पराभव करून जिंकली. त्यानंतर आघाडीच्या नेतृत्वाने काही आमदारांची नावे घेऊन त्यांच्यावर शब्द न पाळल्याचा जाहीर ठपका ठेवला. आरोप सिद्ध करण्याचा वा खोडून काढण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता. मत गुप्त राहिल्याने प्रामाणिक अपक्षालाही संशयातून सुटता आले नाही. २० जूनच्या विधान परिषद निवडणुकीत तर सर्वांचेच मतदान गुप्त होते आणि दहा जागांपैकी पाच भाजपकडे गेल्या.

गुप्ततेच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो. पक्षाचे पाठबळ नसलेल्या एकट्या सदस्याला सत्तेच्या दडपणापासून संरक्षण हवे, हे खरे आहे. परंतु आमदार हा सामान्य मतदार नाही. तो हजारोंच्या वतीने मत देतो. ज्यांच्या वतीने मत दिले त्यांच्यापासूनच ते झाकून ठेवणे प्रातिनिधिक लोकशाहीच्या तत्त्वात बसत नाही.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे बोधप्रद आहे. मिशिगनचे प्रतिनिधी जस्टिन अमाश यांनी सभागृहातील आपल्या प्रत्येक मताचे कारण लोकांसमोर मांडण्याची प्रथा पाळली. जुलै २०१९ मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला आणि डिसेंबरमध्ये अपक्ष म्हणून राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगाच्या बाजूने मत दिले. त्यांच्या मतांशी सहमत असण्याची आवश्यकता नाही. त्या सभागृहात मतांची नावनिशीवार नोंद होत असल्याने मत आणि कारण दोन्ही मतदाराला ताडून पाहता आले, एवढे येथे महत्त्वाचे.

समारोप

उरणच्या मतदाराने २०२४ मध्ये जो कौल दिला तो विकासकामे, संपर्क, पक्षाचे बळ अशा अनेक कसोट्यांवर दिला असेल. अपक्ष म्हणून पाच वर्षांत दिलेल्या मतांची कसोटी मात्र त्याला जवळपास उपलब्धच नव्हती. हा दोष एका आमदाराचा नाही. आवाजी मतदानावर चालणाऱ्या सभागृहाचा आणि अपक्षाचे मत झाकणाऱ्या नियमांचा तो दोष आहे. महत्त्वाच्या विधेयकांवर मतविभागणी होऊन तिची सदस्यवार यादी प्रसिद्ध व्हावी, ही यावरील पहिली उपाययोजना होय. अपक्षाने मात्र नियमबदलाची वाट पाहण्याचे कारण नाही. एकटा सदस्यही मतविभागणीची मागणी करू शकतो आणि प्रत्येक अधिवेशनानंतर आपल्या मतांचे सकारण निवेदन मतदारांना सादर करू शकतो. राज्यसभेच्या निवडणुकीतही मतपत्रिका दाखविण्यास मनाई आहे. आपली भूमिका मतदारांना आधी सांगण्यास नाही. ज्याला पक्षादेश नाही त्याने स्वतःच आपला हिशेब द्यावा. तो दिला जात नाही तोवर 'अपक्ष' हा शब्द उमेदवारी अर्जापुरताच अर्थपूर्ण राहील.