पायथन हळू, पण वेळ नेमका कुणाचा वाचतो?

पायथन हळू चालते हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. दोन गोष्टींची बेरीज करायला सांगितली की इंटरप्रिटर आधी विचारतो, हे काय आहे, आकडा की शब्द? लूप दहा लाख वेळा फिरला तर दहा लाख वेळा विचारतो. (२०२२ च्या ३.११ पासून थोडा शहाणा झालाय, पण थोडाच.) सीमध्ये हा प्रश्न कंपाइल करतानाच सुटलेला असतो. आणि या संथपणाचं समर्थन सगळीकडे एकाच वाक्यात होतं: मशीनचा वेळ स्वस्त, प्रोग्रामरचा महाग. आज हे वाक्य तपासायचं आहे.

त्याला आधार म्हणून लुट्झ प्रेशेल्ट यांचा २००० सालचा अभ्यास अजून पुढे केला जातो. टेलिफोन नंबरांचे शब्द बनवणारा एकच प्रोग्राम, सात भाषा, ८० नमुने. पर्ल, पायथन, रेक्स, टीसीएल यांत लिहायला सी, सी++ आणि जाव्हाच्या फार तर निम्मा वेळ लागला, ओळीही निम्म्याच. अभ्यास प्रामाणिक आहे. पण स्क्रिप्ट भाषावाल्यांनी इंटरनेटवरचं आवाहन वाचून प्रोग्राम पाठवले, आणि किती तास लागले तेही आपलं आपणच कळवलं. म्हणजे पेपर घरी सोडवायचा आणि वेळही स्वतःच लावायची! (हशा) प्रेशेल्ट हे लपवत नाहीत. त्यांचं नाव घेणारे लपवतात. त्याच निबंधातलं दुसरं निरीक्षणही कुणी सांगत नाही. एकाच भाषेत लिहिणाऱ्या माणसांमधला फरक हा भाषाभाषांमधल्या फरकाइतका, कधी त्याहून मोठा निघाला.

हे मला डोंबिवली एमआयडीसीत कळलं. एका छोट्या कारखान्याचा स्टॉक रिपोर्ट संध्याकाळी लावला की सकाळी मिळायचा. आम्ही पायथनला शिव्या घातल्या, गो शिकायचं ठरवलं. शेवटी पाहिलं तर लूपच्या आत प्रत्येक मालासाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी जात होती. लिहिणारा मीच! सगळ्यांची मिळून एकच क्वेरी केली, चहा येईपर्यंत रिपोर्ट आला. सीमध्ये लिहिला असता तरी तो तसाच ताटकळत बसला असता.

आता 'प्रोग्रामर महाग'. हे गणित अमेरिकेतल्या पगारावर बसवलेलं आहे. कल्याणहून सकाळची लोकल धरणाऱ्या नव्या मुलाला पगार रुपयांत मिळतो, तिथल्या मानाने अगदी थोडा. क्लाउडचं बिल मात्र जवळपास तिथल्याच दराने येतं. इथे पारडं तिथल्याइतकं झुकत नाही. आणि तिसरा माणूस तर हिशेबातच नाही, तो म्हणजे स्क्रीनसमोर वाट बघणारा. लिहिणाऱ्याचे दोन दिवस, समजा सोळा तास, एकदाच वाचले. वापरणाऱ्या हजार जणांचे रोज तीन-तीन सेकंद गेले तर पन्नास मिनिटं झाली. विसाव्या दिवशी ती बचत संपली, आणि पुढे वर्षानुवर्षं तोटाच. ही बचत नाही हो, दुसऱ्याच्या खिशातून घेतलेली उधारी आहे.

म्हणून सगळं सीमध्ये लिहा, असं मी म्हणणार नाही. आपल्या शेजारी पवईला, आयआयटीच्या एरोस्पेस विभागात, प्रभु रामचंद्रन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पायएसपीएच बांधलं. त्यात द्रवाचा प्रवाह कणाकणाने मोजतात. प्रत्येक कणाचा शेजारच्या कणांशी हिशेब, पुन्हा पुन्हा. नुसत्या पायथनला हे झेपणारं नाही. त्यांनी असं केलं की समीकरण पायथनमध्ये लिहायचं आणि त्यावरून सायथनचा किंवा ओपनसीएलचा वेगवान कोड आपोआप तयार होतो. लिहायला सोपं, चालायला जलद. फुकट मात्र नाही! काही जणांनी ही सोय बांधण्यात वर्षं घातली. शिवाय त्या समीकरणात सगळं पायथन चालत नाही, ठरावीकच चालतं. आणि चुकलं की कधी कधी आपण न लिहिलेल्या कोडमध्ये डोकं घालावं लागतं. तरी इथे कष्ट जाणत्यांनी एकदा केले आणि वेळ पुढच्या सगळ्यांचा वाचला. मघाचा उधारीचा व्यवहार इथे उलटा झालाय, म्हणून मला तो आवडतो.

एक चिठ्ठी आली आहे, "नोकरीसाठी सी शिकू का?" नोकरीचं मला सांगता येणार नाही. पण आपला पायथन कोड कुठे अडतो हे कळण्यापुरतं तरी शिका. आणि त्याआधी, आज घरी गेल्यावर, सीप्रोफाइल लावून बघा. पायथनबरोबरच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. बरं, पुढची चिठ्ठी द्या.