जोडीची उमेदवारी

स्त्रीस उमेदवारी मिळाली कीं त्या निवडीचें कौतुक करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. परंतु उमेदवारी कोणास मिळाली एवढेंच पाहून भागत नाहीं. ती कोणत्या डावांत मिळाली हेंहि पाहिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष जोडीनेंच मतदारांपुढें येतात. प्रमुख पक्षांनीं दुसऱ्या स्थानासाठीं १९८४ सालीं जेराल्डिन फेरारो आणि २००८ सालीं सेरा पेलिन यांस निवडलें. दोन्ही जोड्या हरल्या. कमला हॅरिस यांस यश आलें तें २०२० सालीं. आपल्या घटनेंत अशी जोडी नाहीं. राष्ट्रपतींस खासदार व आमदार निवडतात, उपराष्ट्रपतींस केवळ खासदार. तरी दोन्ही नांवें ठरवितांना पक्ष जोडीचा विचार करतातच.

२००७ सालीं सत्ताधारी आघाडीनें जळगांव जिल्ह्यांतील प्रतिभाताई पाटील यांस राष्ट्रपतिपदासाठीं उभें केलें. पाठीशीं संख्याबळ होतें. त्या पहिल्या स्त्री-राष्ट्रपति झाल्या. त्याच वर्षीं प्रतिपक्षानें उपराष्ट्रपतिपदासाठीं नजमा हेपतुल्ला यांचें नांव पुढें केलें. महाराष्ट्रांतून राज्यसभेवर गेलेल्या ह्या बाईंनीं तेथील उपसभापतिपद सोळा वर्षांहून अधिक काळ सांभाळलें होतें. आणि उपराष्ट्रपति हाच राज्यसभेचा सभापति. एवढी योग्यता असतां उमेदवारी मिळाली ती पराभव समोर दिसत असतांना. हमीद अन्सारी यांस ४५५ मतें पडलीं, बाईंस २२२. २०२२ सालीं मार्गारेट अल्वा यांचीहि तीच गत झाली: ५२८ विरुद्ध १८२. त्या पदावर आजवर एकहि स्त्री आलेली नाहीं.

कोणी म्हणेल, हरणाऱ्या उमेदवारीसहि मोल असतें. तें आम्हांस मान्य आहे. २००२ सालीं कॅप्टन लक्ष्मी सहगल उभ्या राहिल्या म्हणून राष्ट्रपतींची निवड बिनविरोध झाली नाहीं, हें लोकशाहीस भूषणावहच होतें. पुरुषहि हरतात, परंतु उपराष्ट्रपतिपदापुरतें पाहिलें तर जिंकणारे मात्र सारे पुरुषच निघाले आहेत.

राजधानीकडून भिवंडीकडे वळलें म्हणजे चित्र उलटें दिसतें. तेथें महापौर व उपमहापौर ही जोडी नगरसेवक निवडतात. २०१७ सालीं ९० पैकीं ४७ जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. तरी डिसेंबर २०१९ मध्यें अवघ्या चार नगरसेवकांच्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील महापौर झाल्या. राष्ट्रपतींशीं नामसाम्य केवळ योगायोगाचें. काँग्रेसचे १८ नगरसेवक फुटले, म्हणून हें घडलें; उपमहापौरपदहि त्या फुटलेल्यांपैकींच एका पुरुषाकडे गेलें. येथें स्त्रीस पहिलें स्थान मिळालें खरें. पण महापालिकेचा कारभार कायद्यानें आयुक्ताच्या हातीं असल्यामुळें महापौराचा मान मोठा आणि अधिकार थोडा. काठ कितीहि शोभिवंत असला तरी वस्त्र टिकतें तें ताण्याच्या बळावर, हें यंत्रमागाच्या त्या गांवास सांगावयास नको.

म्हणून स्त्रीचें नांव जाहीर झालें कीं वाचकांनीं दोन प्रश्न विचारावे. ती जागा जिंकण्याजोगी आहे काय? आणि जिंकल्यावर निर्णय तिच्या हातीं राहील काय? दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें, तरच अभिनंदनाचा ठराव करावा.