विलापिका आणि फेसबुकची भिंत

विलापिकेच्या विचारात काळाचे अंतर गृहीत धरले जाते. हॅलम १८३३ मध्ये वारला. टेनिसनचे ‘इन मेमोरियम’ प्रसिद्ध झाले १८५० मध्ये. फेसबुकच्या भिंतीवरील पहिला शोकोद्गार मात्र मृत्यूच्या वार्तेबरोबरच उमटतो. २००९ पासून तेथे मृतांची खाती स्मृतिरूपाने राखण्याची सोय आहे. पुढे वाढदिवशीही मृताला ‘तू’ म्हणून हाक मारली जाते. हे संबोधन विलापिकेतही आढळते. परंतु तेथे शोकाचा कर्ता एक असतो आणि रचना पूर्ण होते. भिंतीवरील लेखन अनेककर्तृक व त्रुटित असते. त्यामुळे त्याचे नाते मयताच्या घरी बायकांनी मृताला उद्देशून आळीपाळीने केलेल्या विलापाशी अधिक निकटचे ठरते. त्याला उथळ म्हणणारी समीक्षा मौखिक परंपरेलाच विसरते. (लिखित तेवढेच साहित्य, ही जुनी खोड येथेही सुटलेली नाही.)

एक भेद मात्र मूलगामी आहे. मौखिक विलाप हवेत विरतो. भिंत उरते, आणि तिची मालकी शोककर्त्याकडे नसते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये मृत मुलीचे फेसबुक खाते आईवडिलांच्या वारशात मोडते असा निर्णय दिला. पत्रे व रोजनिशी यांच्याच पंक्तीत ते बसविले. अशा लेखनाची संहिता सिद्ध करणाऱ्या अभ्यासकाला वारसाची संमती हाही पाठचिकित्सेचा भाग मानावा लागेल.